‘इतर’पुढच्या रेघेवर लिहिलेलं

पत्र

ताई, मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्थलांतरित कुटुंबांत जन्मलेली दुसरी पिढी स्वतःची वांशिक आणि राष्ट्रीय ओळख कशी सांगते, हा माझा विषय. मी स्वतः अशाच कुटुंबातली. माझ्या प्रश्नावलीत ‘आपण स्वतःला कोणत्या वांशिक गटातले मानता?’ असा एक प्रश्न आहे. खाली सहा पर्याय, सातवा ‘इतर’ आणि त्यापुढे एक रिकामी रेघ. वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी ‘इतर’वर खूण केली आणि रेघेवर काहीबाही लिहिलं. कुणी ‘दोन्ही’, कुणी ‘घरी एक, बाहेर दुसरं’, कुणी ‘प्रश्न चुकलाय’. एका मुलीने तर ‘कोण विचारतंय?’ एवढंच लिहिलं आहे. मार्गदर्शक म्हणतात, ही उत्तरं वगळ, नाहीतर जवळच्या गटात टाक. त्याशिवाय आकडेमोड जमणार नाही. आढावा समितीतले एक सर म्हणाले, ‘वंश असं काही नसतं हे विज्ञानाने कधीच दाखवलंय, मग तू मोजतेस काय?’ दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘तू त्यांच्यातलीच, तटस्थ कशी राहशील?’ आता तर गोषवारा मराठीत लिहायला बसले की ‘रेस’ (रंगारूपावरून मानलेला गट) आणि ‘एथ्निसिटी’ (समान मूळ आणि संस्कृती यांवरून मानलेला गट) यांना दोन वेगळे शब्दही सापडत नाहीत. विषय बदलावा का?

उत्तर

विषय बदलू नकोस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. आणि वाचण्याआधी एक काम कर. ‘इतर’वर खूण असलेल्या मूळ प्रश्नावल्या, त्या लोकांच्या हस्ताक्षरातल्या, एका वेगळ्या फाइलला लाव आणि त्यांच्या प्रती काढून ठेव. संगणकावरच्या तक्त्यात तू त्या सगळ्यांना ७ हा आकडा दिला असशील. त्या सातच्या मागे ‘कोण विचारतंय?’ हे दोन शब्द बुजून जातात. माझ्या मते तुझ्या हाती आलेलं सगळ्यात मोलाचं उत्तर तेच आहे.

‘इतर’ म्हणजे चाळणीत उरलेला भुसा, ही समजूत आपल्याला शिकतानाच चिकटते. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत काय झालं ते बघ. ‘अन्य कुठला वंश’ या रकान्यावर, एकट्या किंवा दुसऱ्या रकान्याच्या जोडीने, ४ कोटी ९९ लाख लोकांनी खूण केली. कृष्णवर्णीय म्हणून नोंद झालेले होते ४ कोटी ६९ लाख. म्हणजे उरल्यासुरल्यांसाठी ठेवलेली ओळ देशातला दुसऱ्या क्रमांकाचा ‘वंश’ होऊन बसली. कारण साधं होतं. लॅटिन अमेरिकी मुळाच्या माणसांसाठी तिथे वेगळा प्रश्न होता, वांशिकतेचा. तो सोडवून ती पुढच्या, वंशाच्या प्रश्नावर आली की त्या यादीत त्यांना स्वतःसारखं काही सापडेना. मग ती ‘अन्य’वर खूण करत आणि शेजारी आपला शब्द लिहीत. यावर बरीच वर्षं चाचण्या आणि वाद झाले आणि मार्च २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला: दोन प्रश्नांचा एकच प्रश्न केला आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका या मुळासाठी नवा रकाना घातला. त्या ओळीवर लिहिणारी माणसं गाळ म्हणून वगळली असती, तर फॉर्म चुकतोय हे कळलंच नसतं.

त्याच जनगणनेचे जुने फॉर्म तू एकदा काढून बघ. १९२०, १९३० आणि १९४० मध्ये ‘हिंदू’ हा तिथे एक वंश होता. धर्म कोणताही असो, भारतातून आलेला माणूस त्या रकान्यात जायचा. १९३० मध्ये ‘मेक्सिकन’ हा वंश म्हणून आला, त्यावर मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांनी आणि मेक्सिकोच्या सरकारने हरकत घेतली, आणि १९४० मध्ये तो गेला. १९६० पर्यंत बहुतेक वेळा प्रगणकच दारात उभा राहून, चेहरा बघून वंश लिहायचा. लोक स्वतः लिहू लागले ते फॉर्म टपालाने यायला लागल्यावर. माणूस तोच, घर तेच, पण दर दहा वर्षांनी त्याचा वंश वेगळा. तेव्हा तुझे ते सहा पर्याय कुठून आले, हे आधी शोध. कुणी ठरवले, केव्हा, कशासाठी? तू ते एखाद्या आधीच्या पाहणीतून उचलले असशील, आपण सगळेच उचलतो. समाजशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रुबेकर यांनी या बाबतीत एक फरक फार नीट दाखवला आहे: लोक रोजच्या जगण्यात जे गट वापरतात ते वेगळे आणि अभ्यासकाने विश्लेषणासाठी वापरायची साधनं वेगळी. लोकांचे गट आपण जसेच्या तसे साधन म्हणून उचलले, की जे समजावून सांगायचं तेच गृहीत धरून बसतो. तुझ्या प्रबंधात एक प्रकरण या सहा पर्यायांच्या जन्मकथेवर असायला हवं. ते अजून नसेल तर तीन वर्षं फुकट गेली असं समजू नकोस. हे प्रकरण लिहायला लागणारा ऐवज तुझ्याकडे तेव्हा नव्हता, आता आहे.

आता समितीतल्या सरांबद्दल. त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे आणि ते तू मनापासून मान्य कर. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांच्या १७ जनुकांवरून हिशेब मांडला, तेव्हा माणसामाणसांतल्या वैविध्याचा सुमारे ८५ टक्के भाग एकाच लोकसमूहाच्या आत सापडला. ज्यांना आपण वंश म्हणतो त्यांच्यामधल्या फरकाच्या वाट्याला सहाएक टक्केच आले.

त्याच्याही चाळीसेक वर्षं आधीची एक गोष्ट आपल्या घरातली आहे, आणि ती तुला आज विशेष कामाची आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला पीएचडी करायला गेल्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझी राजवटीच्या वंशशास्त्राचा आधारस्तंभ ठरलेले. युरोपीय लोकांच्या कवटीच्या दोन बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असतात आणि त्याचा संबंध श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्यांच्या हातात त्यांच्या समोर बसून त्यांनी लिहिलं की असमानतेचा आणि वंशाचा संबंध दिसत नाही. हाताखालची मापं जे सांगत होती तेच त्यांनी लिहिलं. मार्गदर्शकांच्या अपेक्षेत न बसणारा पुरावा हातात घेऊन बसलेली तू पहिली नाहीस, एवढं यातून घे.

पण सरांचं उरलेलं अर्धं म्हणणं, ‘मग मोजतेस काय’ हे, पटण्यासारखं नाही. वंश शरीरात सापडत नाही म्हणजे तो जगात नाही, असं होत नाही. भगतसिंग थिंद यांचा खटला घे. पंजाबात जन्मलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. बाहेरून आलेल्यांत नागरिकत्व तेव्हा फक्त ‘गोऱ्या’ व्यक्तीला किंवा आफ्रिकी मुळाच्या व्यक्तीला मिळायचं. थिंद यांच्या खटल्याच्या तीन महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: तुमची कातडी गोरी असेल, पण गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातला एक मोठा वंशगट), आणि तुम्ही ते नाही. थिंद यांनी मग तेच शास्त्र पुढे केलं. मानववंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे आम्ही कॉकेशियन आहोत, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांच्या लेखणीतून उत्तर दिलं: पुस्तकांत काही असो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा, आणि तुम्हाला कुणी तसं समजत नाही. एकाला शास्त्र दाखवून परत पाठवलं, दुसऱ्याला शास्त्र बाजूला सारून. त्यानंतर कितीतरी भारतीयांचं आधी मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. मला या प्रकरणात आणखी एक गोष्ट बोचते: थिंद यांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला त्यात ते उच्च जातीचे आर्य आहेत, रक्त भेसळीचं नाही, हाही मुद्दा होता. भिंत पाडा असं ते म्हणत नव्हते, मला दारातून आत घ्या एवढंच म्हणत होते. तुझ्या मुलाखतींतही असं कुणी बोललं असेल. तेही लपवू नकोस.

तर सरांना सांग: मी वंश मोजत नाही. वंश मानला जातो तेव्हा माणसाचं काय होतं, ते मी बघते. घर भाड्याने मिळतं की नाही, शाळेत शिक्षक कुठल्या बाकावर बसवतात, परीक्षकासमोर नाव उच्चारल्यावर काय होतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी वांशिक गटाची व्याख्या करतानाच सांगून ठेवलं आहे की समान मूळ असल्याची श्रद्धा महत्त्वाची, रक्ताचं नातं प्रत्यक्षात असो वा नसो. १९२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ते छापून आलं. म्हणजे शंभर वर्षं हे सांगितलं जातंय, आणि तरी प्रत्येक पिढीतल्या विद्यार्थ्याला समितीपुढे नव्याने सांगावं लागतं. त्याचा त्रास करून घेऊ नकोस, शांतपणे सांग.

मराठी गोषवाऱ्याची तुझी अडचण मला या सगळ्यापेक्षा जास्त आवडली, कारण तिथे भाषाच तुझ्या बाजूने बोलतेय. आपल्याकडे ‘वंश’ म्हणजे आधी घराणं: वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश. त्यात बाप-आजा-पणजा आहेत, कातडीचा रंग नाही. इंग्रजीतली ‘रेस’ आपण त्याच शब्दात कोंबली. मग ‘एथ्निक’लाही ‘वांशिक’च म्हटलं, म्हणून वर्तमानपत्रात दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या दंगली एकाच ‘वांशिक हिंसाचारा’खाली छापल्या जातात. ‘रेसिझम’साठी मात्र कधी ‘वर्णद्वेष’, कधी ‘वंशद्वेष’, आणि ‘वर्ण’ म्हटलं की दुसराच एक जुना दरवाजा उघडतो. हा गोंधळ तू एकटीने निस्तरायचा नाही. गोषवाऱ्याच्या सुरुवातीला दोन परिच्छेद घाल आणि सांग: ‘वंश’ हा शब्द मी या अर्थाने वापरते, ‘एथ्निसिटी’ला मी ‘वांशिकता’ म्हणते किंवा ‘एथ्निसिटी’च ठेवते, आणि या दोहोंमधली रेघ माझ्या उत्तरदात्यांच्या बोलण्यात पुसट आहे. वाचणाऱ्याला त्यातून जास्त कळेल. एक नवा संस्कृत शब्द घडवून वाचकाच्या गळ्यात मारण्यापेक्षा हे बरं.

‘अस्मिता’ हा शब्द जपून वापर. आज आपण तो अभिमानाने मिरवतो, पण पतंजलींच्या योगसूत्रांत तो पाच क्लेशांपैकी एक आहे, अविद्येच्या लगेच नंतरचा. ‘मी म्हणजे हेच’ असं घट्ट धरून बसणं, हा त्याचा मूळ रोख. तुझ्या मुलाखतीत जिथे कुणी खरोखर घट्ट धरून बसलंय तिथे तो शब्द वापर. बाकी सगळीकडे ‘ओळख’ म्हण. या साध्या शब्दात किती भरलंय बघ! माझी त्यांची ओळख आहे, ओळख करून दे, ओळख दिली नाही, ओळख पटली, ओळखपत्र दाखवा. यातलं एकही वाक्य एकट्या माणसाला लागू होत नाही. प्रत्येक ठिकाणी समोर कुणीतरी लागतं. ‘ओळख पटवणं’ तर पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात, तिथे आपण नुसते उभे असतो. मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये सांगितलं की गटाच्या आत कोणती संस्कृती भरलीय यापेक्षा गटांमधली सीमारेषा कशी राखली जाते ते बघा, आणि मानवशास्त्राला नवं वळण मिळालं. मराठी शब्दात ती सीमारेषा आधीपासून आहे. ‘कोण विचारतंय?’ असं लिहिणाऱ्या त्या मुलीने ना वेबर वाचले असतील ना बार्थ. तिला हे अंगावर झेलून माहीत आहे.

आता ‘तू त्यांच्यातलीच’ याबद्दल. हा प्रश्न नेहमी एकाच बाजूच्या माणसाला का विचारला जातो, याचा विचार कर. बहुसंख्य गटातल्या संशोधकाने बहुसंख्य गटावर लिहिलं तर त्याला तटस्थतेबद्दल क्वचितच कुणी हटकतं. पण म्हणून प्रश्नच चुकीचा आहे, असं म्हणून झटकूही नकोस. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९६-९७ मध्ये फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीत राहून, घरोघर फिरून माहिती गोळा केली. स्वतः कृष्णवर्णीय. तरी वस्तीने त्यांचं उघड्या हातांनी स्वागत केलं नाही, हे त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. कुठल्यातरी चमत्कारिक जातीच्या प्राण्यासारखं अभ्यासलं जाणं लोकांना आवडत नव्हतं. ते हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन आलेले, लोक वस्तीत वाढलेले. रंग एक असून ते बाहेरचेच होते. तुझंही तसंच असणार. तू त्यांच्यातली आहेस आणि हातात प्रश्नावली घेतल्याक्षणी त्यांच्यातली नाहीस. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही तुझ्या पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं पाहिजे.

आणि ‘आतल्या माणसा’ला काय दिसतं याचं उदाहरण हवं असेल, तर ९ मे १९१६ हा दिवस आठव. पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिव्यवस्थेवर निबंध वाचत होते. युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या संदर्भात रंगाला अवास्तव महत्त्व दिलं, कारण रंगाचा पूर्वग्रह त्यांच्याच मनात भिनलेला होता, असं त्यात त्यांनी सरळ म्हटलं. जातीचं मर्म त्यांनी गटाबाहेर लग्न न करण्यात शोधलं, म्हणजे पुन्हा सीमा राखण्यातच. ज्यांना तटस्थ मानलं जात होतं त्यांचा चष्मा कुठल्या काचेचा आहे, हे त्या विद्यार्थ्याने दाखवलं. समितीतल्या मॅडमना हे सुनावू नकोस, पण मनात असू दे.

मी स्वतः यात चुकले आहे, ते सांगते. पंचविशीत एका पाहणीसाठी घरोघर फॉर्म भरून घ्यायचं काम मी केलं. एका घरी आजोबांनी दार उघडलं आणि ‘थांब, चष्मा आणतो’ म्हणून आत गेले. दारावरच्या पाटीवर आडनाव होतं. ते वाचून मी गटाच्या रकान्यात नोंद करून टाकली. वेळ वाचावा म्हणून. ते आले, फॉर्म हातात घेतला, वरून खाली सावकाश वाचला आणि त्या नोंदीवर बोट ठेवलं. ‘हे मी सांगितलं?’ मी म्हटलं, नाही. ‘मग कुणी सांगितलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती नोंद मी खोडली आणि त्यांनी सांगितलेली वर लिहिली. ती माझ्या कल्पनेतही आली नसती. मग पाऊण तास त्यांनी ती कशी झाली ते सांगितलं. ते सगळं लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. संध्याकाळी पर्यवेक्षकांनी खाडाखोड चालत नाही म्हणून नवा फॉर्म घेतला आणि त्यावर माझी पहिलीच नोंद उतरवली. मी समोर बसले होते. बोलले नाही. त्या आजोबांचा विश्वास मी घरापासून कार्यालयापर्यंत नेला आणि तिथे टाकून आले, ही गोष्ट मला आजही झोपताना आठवते. म्हणून तुझं पत्र आल्यावर मी बाकीची कामं बाजूला ठेवली.

आकडेमोडीचं काय, तर त्याला वाट आहे. मार्गदर्शकांची अडचण खोटी नाही. लहान लहान गट हाती आले की संख्याशास्त्र खरंच लंगडं पडतं. पण वगळणं आणि गट जोडणं यात फरक आहे. जोडायचे असतील तर मूळ उत्तराचा स्तंभ तक्त्यात कायम ठेव, शेजारी दुसरा स्तंभ कर, आणि कोणतं उत्तर कुठे का टाकलं याचा नियम लिहून ठेव. विश्लेषण दोनदा कर, एकदा जोडून आणि एकदा न जोडता. निष्कर्ष बदलत असेल तर तो बदल हाच तुझा निष्कर्ष. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मिळून जवळजवळ १८ हजार माणसांची मापं घेतली आणि १९११ मध्ये लिहिलं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा बदलतो. म्हणजे ज्याला वंशाची अढळ खूण म्हणत तीही अढळ नाही. त्यांचं मोठेपण मला त्याच्या पुढच्या कृतीत दिसतं. १९२८ मध्ये त्यांनी कच्ची मापं जशीच्या तशी छापली. त्यामुळे २००२ आणि २००३ मध्ये अभ्यासकांच्या दोन गटांना ती संगणकावर घालून पुन्हा तपासता आली. एका गटाने बोआस यांच्यावर शंका घेतली, दुसऱ्याने त्यांचं मुख्य म्हणणं टिकतं असं दाखवलं. नव्वद वर्षांनी भांडायला पुरावा शिल्लक होता. तुझाही राहू दे.

पुढच्या फेरीत प्रश्न फोड. ‘तुम्ही स्वतःला काय म्हणता?’ हा एक. ‘रस्त्यात अनोळखी माणूस तुम्हाला काय समजतो?’ हा दुसरा. ‘तुमच्या कागदपत्रांवर काय आहे?’ हा तिसरा. तिन्हींची उत्तरं जिथे जुळत नाहीत तिथे खरी मुलाखत सुरू होते. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत मुलाखतकारच दर वेळी समोरच्याचा वंश नोंदवत असे. अलिया सापर्स्टाइन आणि अँड्र्यू पेनर या समाजशास्त्रज्ञांनी १९७९ ते १९९८ च्या नोंदी तपासल्या, तर सुमारे २० टक्के माणसांचा वंश निदान एकदा तरी बदलून लिहिला गेला होता. आणि बदल कसाही झालेला नव्हता: तुरुंगात जाऊन आलेल्याला कृष्णवर्णीय म्हणून लिहिण्याकडे कल होता. बघणाऱ्याच्या डोळ्याला माणसाची परिस्थिती दिसते आणि तो तिला वंश म्हणतो.

मोकळा प्रश्न आधी विचार, पर्याय नंतर दाखव. ब्राझीलमध्ये १९७६ च्या राष्ट्रीय पाहणीत लोकांना आपला रंग स्वतःच्या शब्दांत सांगायला सांगितलं, तेव्हा सव्वाशेहून जास्त शब्द आले. मात्र बहुतेक लोकांची उत्तरं मोजक्याच शब्दांत मावत होती. म्हणून घाबरू नकोस, मोकळं विचारलं की सगळं हाताबाहेर जातंच असं नाही.

राष्ट्रीय ओळखीच्या भागावर तू पत्रात फार लिहिलं नाहीस, मीही थोडक्यात सांगते. १९९५ पासून होत आलेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीतले ते नेहमीचे प्रश्न (खऱ्या अर्थाने या देशाचा असायला इथे जन्म, भाषा, धर्म, पूर्वज किती महत्त्वाचे?) तू घेतले असशीलच. ते ठेव, पण त्यांतून नियम कळतात, जगणं नाही. राष्ट्रवादाचे अभ्यासक मायकेल बिलिग यांनी दाखवलं तसं राष्ट्र रोज हवामानाच्या बातमीतल्या ‘आपल्या’ या शब्दातही असतं. तुझ्या उत्तरदात्यांपैकी कोण कुठे ‘आपण’ म्हणतं आणि कुठे ‘हे लोक’, ते ध्वनिमुद्रणात शोध. आणि अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी राष्ट्राला ‘इमॅजिन्ड’ समाज म्हटलं, तो शब्द मराठीत ‘काल्पनिक’ करू नकोस, तो ‘कल्पिलेला’ आहे. एकमेकांना कधीही न भेटणारी माणसं मनात धरलेला समाज, असा त्याचा अर्थ. काल्पनिक म्हटलं की खोटा ठरतो, आणि ज्याच्यासाठी माणसं मरतात त्याला खोटं म्हणून आपली सुटका होत नाही.

एका गोष्टीत मात्र मी तुला धाक घालणार आहे. वंशाची, मुळाची नोंद ही साधी माहिती नसते. बेल्जियमच्या वसाहती प्रशासनाने १९३० च्या दशकात रवांडात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी, त्वा यांपैकी माणसाचा गट छापायला सुरुवात केली. १९९४ च्या नरसंहारात रस्त्यांवरच्या अडथळ्यांपाशी त्याच पद्धतीची कार्डं मागून माणसं मारली गेली. युरोपातला माहिती-संरक्षण कायदा वांशिक मूळ विशेष संरक्षणाच्या माहितीत घालतो, तो उगाच नाही. फ्रान्समध्ये तर २००७ पासून संविधान परिषदेचा (कायदे घटनेत बसतात का ते तपासणाऱ्या संस्थेचा) निर्णय आहे की जन्मस्थळ, नागरिकत्व, आपलेपणाची भावना विचारता येईल, पण वंशाच्या आधारावर वर्गीकरण करता येणार नाही. तुझा समुदाय लहान असेल तर नाव काढून भागत नाही. वय, व्यवसाय आणि आईचं मूळ गाव एवढ्यावर शेजारी माणूस ओळखतील. अशा वेळी तपशील बदल, दोन माणसं एकत्र करू नकोस, आणि जे वाक्य छापणार ते त्या व्यक्तीला आधी वाचायला दे. नावांची यादी आणि उत्तरं एकाच संगणकावर असतील तर आजच वेगळी कर.

मार्गदर्शकांकडे जाशील तेव्हा आधी आकड्यांचा तक्ता उघडू नकोस. ‘इतर’च्या त्या प्रश्नावल्या टेबलावर ठेव, चारपाच त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे, आणि मग दोन स्तंभांची पद्धत सांग. त्या मुलीने पुन्हा संपर्काला हरकत नाही अशी खूण केली असेल, तर तिला भेट. तिने तुला प्रश्न विचारलाय आणि अजून त्याचं उत्तर तिला मिळालेलं नाही. तुझे आईवडील कुठून आले, तू स्वतःला घरी काय म्हणतेस, बाहेर काय म्हणतेस, हे सगळं करायला तू का निघालीस, ते आधी तू तिला सांग. मग वही उघड.